हातावरचा बाज, अंगणातली बाज

यावेळी टपालात तीन पत्रं एकाच वळणाची निघाली, म्हणून सोलर पंपवाले आणि गॅस कनेक्शनवाले पुढच्या अंकात घेते, रागावू नका.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी जिंतूर तालुक्यातला, नाव छापू नका. 16 वर्षं झाली आखातात एका अरबाकडं बाज सांभाळायच्या कामाला आहे. ऑक्टोबर ते मार्च सीझन, मग उन्हाळ्यात पाखरं पिसं टाकतात, त्यांना एसी खोलीत ठेवतात आणि मला सुट्टी देतात, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर गावाकडं. तिथं रात्री मोबाईलवर बुशक्राफ्टचे व्हिडिओ बघायचा नाद लागला, एक चाकू अन् दोरी घेऊन रानात राहायचं, लाकडावर लाकूड घासून आग काढायची, झोपायला छप्पर स्वतः बांधायचं. आता गावाकडं आलो की हेच शिकावं म्हणतो. घरचे म्हणायलेत दुबई करून आला अन् आता झाडाखाली झोपणार का, येड लागलं का. वय 44. विचारायचं असं की सामान काय घ्यावं, 18 हजाराचा एक चाकू बघून ठेवलाय. दुसरं, आपल्याकडं जंगल कुठाय, जायचं कुठं. तिसरं, गावाकडं एखादा शिक्रा धरून पाळला तर चालतं का, सहा महिने हात रिकामा रिकामा वाटतो हो.

उत्तर : भाऊ, मी शेवटून सुरू करते, कारण शेवटचा प्रश्न जेलचा आहे.

शिक्रा पाळायचा नाही. शिक्रा नाही, ससाणा नाही, कापशी नाही, घरट्यातून पडलेलं पिल्लू "मोठं होईपर्यंत" सुद्धा नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात पक्षी धरणं, जाळं लावणं, फास लावणं हे सगळं शिकारच धरतात, नुसता प्रयत्न केला तरी. तुमच्या तिथं बाजाला स्वतःचा पासपोर्ट असतो, 2002 पासून देतात, विमानात शेजारच्या सीटवर बसून जातो, अन् युनेस्कोने 2010 ला ही कला वारशाच्या यादीत घेतली, त्यात आता 24 देश आहेत, पाकिस्तानसुद्धा आहे, आपण नाही. वाईट वाटून घेऊ नका, आपल्या मुलखात हे कधी नव्हतं असं नाही, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, बाराव्या शतकातला, त्याच्या मानसोल्लासात श्येनविनोद म्हणून बाजाच्या शिकारीवर वेगळं प्रकरण आहे, आणि ते कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या लातूर जिल्ह्याच्या शेजारी. पण ते त्या काळात. आज तुमचा 16 वर्षांचा अनुभव फॉरेस्टवाल्यांसमोर सांगायला गेलात तर उलट जास्त अडकाल.

हात रिकामा वाटतो हे मात्र मला कळतं. त्यावर माझ्याकडं एकच उपाय आहे, तुम्ही येता तो एप्रिल म्हणजे शिक्र्याच्या वीणीचा मोसम. गावात जुनी चिंच, कडुनिंब, आंबा असेल तिथं सकाळी सातच्या आत जाऊन बसा, नर भक्ष्य घेऊन येतो, मादी ते त्याच्याकडून घेते, हे बघायला हातमोजा लागत नाही. घरट्यापासून लांब बसा एवढंच. तुमचे डोळे आधीच तयार आहेत, कावळ्यांचा कल्ला कुठून येतोय, होले एकदम गप का झाले, हे आम्हाला वर्षानुवर्षं शिकावं लागतं ते तुम्हाला पगारात मिळालंय.

आता जंगल. खरं सांगायचं तर मराठवाड्यात जंगल कमी आणि जे आहे ते तुमच्या या छंदासाठी नाही. गौताळा आहे, येडशीचं रामलिंग आहे, पाटोद्याकडचं नायगाव मयूर आहे, पैनगंगेचं आहे, पण ही अभयारण्यं, रीतसर परवानगी काढून फिरा, पाखरं बघा, बस. तिथं चूल पेटवणं, फांदी तोडणं, कुऱ्हाड घेऊन शिरणं म्हणजे गुन्हा, आणि साध्या राखीव वनातसुद्धा 1927 च्या वन कायद्यानं तेच. तेव्हा तुमचं जंगल म्हणजे तुमचा बांध, पडीक तुकडा असेल तर उत्तमच. ऐकायला फिक्कं वाटतंय ना? पण ज्या व्हिडिओंत तो दाढीवाला माणूस भूर्जाची साल सोलून आग पेटवतो अन् मागं झुळुझुळू ओढा वाहतो, तो मुलूख वेगळा. आपल्याकडं 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. इथं बुशक्राफ्टचा पहिला धडा म्हणजे पाणी घरून न्यायचं. नदीच्या वाळूत झिरा खोदून पाणी काढता येतं, जुनी माणसं काढायची, ते शिका जरूर, वर आलेलं पाणी गाळून खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर तरी उकळू द्या म्हणजे जंतू मरतात, पण वरच्या अंगाला कापूस असेल आणि फवारणी चालू असेल तर ते औषध उकळून जात नसतं, ते पाणी प्यायचंच नाही.

आणि एक, तुमची सुट्टी अशा वेळी आहे की एप्रिल-मेमध्ये आगीचा सराव करायचाच नाही. मी स्वतः केलेला शहाणपणा सांगते. एका मे महिन्यात अंबाजोगाईजवळ भावाच्या शेतात बांधावर खड्डा करून, दगड लावून, सगळं पुस्तकासारखं करून आग पेटवली, एक वावटळ आली आणि जळकं पाचट उडून पंधरा-वीस पावलांवरच्या कडब्याच्या गंजीवर पडलं. दोन बादल्या पाणी होतं, एक घागर होती, वहिनीनं गोधडी भिजवून टाकली म्हणून वाचलं, नाहीतर जनावरांचं वर्षाचं वैरण गेलं असतं. भाऊ अजून काही बोलला नाही, वहिनी मात्र दर उन्हाळ्यात आठवण काढते.

मग उन्हाळ्यात करायचं काय? बाज विणायची. हसू नका. तुम्ही आयुष्यभर हातावरचा बाज सांभाळला, आता अंगणातली बाज विणा, आणि हे मी शब्दाच्या गमतीसाठी सांगत नाहीये. बुशक्राफ्टमध्ये जे काही शिकायचं असतं, म्हणजे लाकूड ओळखणं, धार, दोर वळणं, गाठ, ताण, ते सगळं एका बाजेत आहे, आणि शेवटी हातात एक वस्तू राहते जिच्यावर घरचे झोपतील, मग येड लागलं म्हणणार नाहीत.

सुरुवात वाखापासून. बांधावर केकताड असेलच, काही लोक घायपात म्हणतात, त्याची खालची मोठी पानं काढायची, काटे छाटायचे, दगडावर ठेचून गर खरवडून काढायचा किंवा पाण्यात कुजत घालायची, मग धुवून उन्हात वाळवला की पांढरा वाख मिळतो. रस अंगावर उडू देऊ नका, खाज सुटते, लई सुटते, फुल बाह्यांचा शर्ट घाला. मग दोन पदर एकाच दिशेला पिळायचे आणि एकमेकांवर उलट्या दिशेनं वळायचे, तो उलटा पीळच दोर धरून ठेवतो, सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगीच नाही. पहिले दोन-तीन हात दोर उंदरानं कुरतडल्यासारखा होईल, होऊ द्या. लागेल वाटतं त्याच्या दुप्पट दोर वळून ठेवा, बाज दोर खाते. गावात जुने दोर वळणारे कुणी असतील तर त्यांच्याकडं जा, पोळ्याला कासरे, दावी, चऱ्हाटं त्यांच्याकडूनच यायची, नायलॉन आल्यापासून त्यांना कुणी विचारत नाही. नुसते बघायला जाऊ नका, दिवसाची मजुरी हातावर ठेवा मग शिका.

गाठी तुम्हाला मी काय शिकवणार. एका हातावर पाखरू बसलेलं असताना दुसऱ्या एकाच हातानं मुर्सल वकरला बांधता ना तुम्ही, ओढली की पक्की आणि टोक खेचलं की सुटली, ती आपली सुरगाठच आहे, एका हाताची. (बाकीच्या वाचकांसाठी : मुर्सल म्हणजे बाजाच्या पायातल्या वादीला जोडलेली लांब दोरी, वकर म्हणजे त्याची बसायची खुंटी.) बुशक्राफ्टवाले निम्मा वेळ ताडपत्री बांधायला अशाच गाठी शिकत असतात. फक्त बाजेच्या पायथ्याची ताणायची दोरी सोडली तर विणकामात सुरगाठ वापरू नका, तिथं निरगाठ.

तसंच चामड्याचं. पायातल्या वाद्या कापून, भोक पाडून, तेल लावून मऊ करायची सवय असेल तर चाकूचं म्यान एका दुपारचं काम आहे. आणि वाऱ्याचं, पाखरू वाऱ्याला तोंड करून उतरतं हे तुमच्या अंगात भिनलंय, छप्पर बांधताना नेमकं उलटं करायचं, पावसाळ्यात आपल्याकडं झड बहुतेक पश्चिमेकडून येते, तिकडं पाठ द्यायची. रोज सकाळी पाखरू ग्रॅममध्ये तोलून वहीत लिहिणारा माणूस तुम्ही, तीच वही इथं चालू ठेवा, कुठलं लाकूड कुठल्या महिन्यात तोडलं, किती दिवसांत वाळलं, चिरलं का. एवढा धीर बाजारात मिळत नाही, म्हणून 18 हजाराचा चाकू घेऊ नका.

चाकूचं असं करा, गावोगाव घिसाडी येतात, पालं टाकून बसतात, त्यांच्याकडं ट्रकच्या किंवा ट्रॉलीच्या पाट्याचा तुकडा घेऊन जा. पाट्याचं पोलाद लवचिक असतं आणि धार धरतं. तळहाताएवढं पातं करून घ्या, फार जाड नको, मूठ बाभळीची स्वतः बसवा, धार लावायला कुरुंदाचा दगड. गंज धरतो, तेलाचं बोट फिरवत जा. बाकी सामान म्हणजे घरातला विळा, एक छोटी कुऱ्हाड, सुताराचा जुना वाकस मिळाला तर सोनं.

छप्पर शिकायला तर तुम्हाला लांब जायची गरजच नाही आणि गंमत बघा, ऊसतोडीला जाणारी माणसं दिवाळीच्या आसपास बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परत येतात, म्हणजे तुमचं आणि त्यांचं कॅलेंडर एकच. तुम्ही वाळवंटात असता तेव्हा ते कारखान्याच्या तळावर असतात, तुम्ही गावात येता तेव्हा तेही गावात. बांबू, वाढे, एखादं ताडपत्रीचं फाटकं यावर उजाड रानात कोपी उभी करायची आणि त्यात लेकरांसकट सहा महिने काढायचे, हे ज्यानं वीस सीझन केलंय त्याच्याइतका बुशक्राफ्टवाला मला तरी यूट्यूबवर दिसला नाही. त्यांच्यासमोर बुशक्राफ्ट हा शब्द काढू नका एवढंच सुचवते. त्यांना तो छंद नाही.

पहिला चांगला पाऊस पडला की आगीला लागा, आणि ओल्यात आग पेटवणं हीच खरी परीक्षा. माझ्या आजोबांच्या बटव्यात चकमक असायची, लोखंडाचा तुकडा, गारगोटी आणि नळीत सावरीचा कापूस, चिलीम त्यावर पेटायची. लोखंड मऊ चालत नाही, जुन्या कानशीचा तुकडा घ्या. गारगोटी तर आपल्या पायाखाली आहे, आपला काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, त्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत गारा आणि अकीक तयार झाले, नांगरलेल्या रानात सापडतात, कडा धारदार असलेला निवडा. सुती चिंधी झाकणाच्या डब्यात घालून, झाकणाला बारीक भोक पाडून निखाऱ्यावर ठेवायची, धूर थांबला की काढायची आणि गार होईपर्यंत उघडायचं नाही, त्या काळ्या चिंधीवर ठिणगी लगेच धरते. वर वाळकी पऱ्हाटी, तुराटी, मग बाभूळ. कण्हेरीची काडी चुकूनही चुलीत नको, विषारी आहे.

लाकडावर लाकूड घासायचं असेल तर केकताडाचा वाळलेला दांडा, जो फुलोऱ्यानंतर उभाच्या उभा सुकतो, तो हलका असतो, त्यावर जमतं. माणसाला एकदम जमत नाही, तळहाताला फोड येतात. यज्ञात अजून अरणी घासून अग्नी काढतात तिथं शमी-पिंपळाचं लाकूड घेतात, आणि भाऊ, ही शमी तुमच्या ओळखीची आहे. तुम्ही ज्याला तिकडं घाफ म्हणता, अमिरातीचं राष्ट्रीय झाड, तेच आपलं सौंदड. दसऱ्याला आपण पूजतो ते. तिकडं मक्नसच्या, म्हणजे बाज घेऊन शिकारीला जाता त्या तळाच्या, तंबूजवळ घाफ दिसला की तोडू नका, तिकडंही मनाई आहे, सावलीत बसून सुंभ वळत बसा. म्हणजे सीझनमध्येही हात चालू राहतो, पाखराची वेळ सोडून. दोन्ही एकावेळी करायला जाऊ नका मात्र, पाखरू उडवायच्या वेळी पाखरूच.

रात्री बाहेर झोपायचं तर जमिनीवर झोपू नका. जून ते सप्टेंबर मण्यार फिरते, रात्री झोपलेल्या माणसालाच चावते, दुखतसुद्धा नाही, पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, तोवर उशीर झालेला असतो. बाज, त्यावर मच्छरदाणी, कडा गादीखाली खोचलेल्या, बाजूला टॉर्च. चावलंच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिक नाही, हात-पाय न हलवता सरळ जवळच्या सरकारी दवाखान्यात. आता कळलं का बाज आधी का विणायला सांगितली?

प्रश्न : मुलगा नववीत आहे, आम्ही लातूरला असतो. सुट्टीत मामाच्या गावी जाऊन सायकलच्या ब्रेकच्या वायरचे फास करायला शिकलाय, म्हणतो मम्मी याला सर्व्हायव्हल म्हणतात. तितर धरला होता म्हणे एकदा, सोडून दिला. ओरडू का शिकू देऊ? हातानं काही करतोय याचा आनंद पण आहे.

उत्तर : ताई, आनंद असू द्या आणि वायर काढून घ्या. वर लिहिलंच आहे, फास लावणं हीच शिकार, तितर सोडला तरी. शिवाय ब्रेकची वायर कुणाला निवडत नाही, कुत्र्याच्या गळ्यात बसते, मुंगसाच्या कमरेत बसते आणि जनावर ती ओढत दोन-दोन दिवस मरतं, मी असं मांजर सोडवलेलं आहे, त्याचं वर्णन इथं करत नाही. त्याला मागं लावायचंच असेल तर माग काढायला लावा. पाऊस पडून गेल्यावर पांदीच्या ओल्या मातीत ठसे उमटतात, तितराचा, सश्याचा, कोल्ह्याचा, प्लास्टरचं पाकीट आणून साचे घ्यायचे, घरभर पसारा होईल पण जीव जात नाही. गावात पारधी कुटुंब असेल तर मामांना विचारायला सांगा, माग त्यांच्याइतका कुणाला कळत नाही. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं अशा जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं, तो शिक्का 1952 ला निघाला म्हणतात, लोकांच्या बोलण्यातून निघालेला नाही, तेव्हा पोरगा त्यांच्या दारात शिकायला जाणार असेल तर "काका" म्हणून जाऊ द्या. चाकू द्यायला हरकत नाही, छोटा द्या, बसून वापरायचा, मांडीच्या दिशेनं कापायचं नाही, आणि पहिल्या महिन्यात बोट कापणारच आहे, घरात पट्टी ठेवा.

प्रश्न : नांदेडला हॉस्टेलवर असतो. टेरेसवर मांज्यात अडकलेलं पाखरू सापडलं, मित्र म्हणतात शिक्रा आहे, डोळे पिवळेधमक, चोच मारतंय. दूध-ब्रेड ठेवलं, खात नाही. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र पोचून छापून येईपर्यंत त्याचं जे व्हायचं ते झालं असेल, तरी पुढच्या वेळेसाठी. दूध-ब्रेड नाही, पाणी चोचीत ओतायचं नाही, फोटोसेशन नाही. जाड टॉवेल अंगावर टाकून पंख मिटवून धरा, चोचीपेक्षा नखांना भ्या, मांजा ओढून काढू नका, बाहेरचा दोरा कापा आणि रुतलेला तसाच ठेवा, तो डॉक्टर काढतील. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून त्यात ठेवा, झाकण बंद, अंधार. वरचे जिंतूरचे भाऊ सांगतील, बाजाच्या डोळ्यावर टोपी, ते बुर्का म्हणतात, का घालतात, तर दिसायचं बंद झालं की तो शांत होतो, खोक्याचा अंधार तेच काम करतो. मग वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन. उचलला नाही तर परत लावा, आणि खोका पंख्याखाली ठेवू नका.